पेरू उंबऱ्यावरच का बसतो

मळ्यातली वस्ती, ता. शेवगाव
३० ऑक्टोबर २०२५

मुक्ताबाई विहीणबाईस भीमाबाईचा रामराम.

फोनवर तुमाला ऐकू येत न्हाई, आन मी वरडून बोलले की अख्ख्या वस्तीला कळतं, म्हनून ह्यो कागद. मला लिवता येत न्हाई. तुमचीच लेक लिवतीया. तिला म्हनलं, सुकन्या, मी बोलते तसंच लिव, मधी शहानपना घालू नको.

तर तक्रार हाय. दिवाळीला लेक माहेरी आली, तुमी तिला साडी दिली, फराळ दिला, बागंतले पेरू दिले. इथवर ब्येस. पन येताना पिशवीत कुत्र्याचं पिल्लू घालून द्या म्हनून कुनी सांगितलं हुतं? वर त्याचं नाव ठिवलंय पेरू! सून अंगनात "पेरू, पेरू" वरडती आन शेजारची छबूबाई पिशवी घेऊन येती, म्हनती कसा किलो दिला.

बरं, नावाचं जाऊ द्या. एवढा मळा मोकळा पडलाय, बांध हाय, वढा हाय. पन ह्या महाराजाला मुतायला जागा दोनच ठावं. एक माझा उंबरा, दुसरी देवघराची चौकट. सकाळी मी पूजा करून उठते न उठते तोवर ह्यो तिथं हजर. जनू माझ्यावर खुन्नस हाय त्याची.

आन आनखी एक. तुमी नर म्हनून दिला. नर कुठं बसून मुततो व्हय? नर तंगडी वर करतो, ह्ये शेंबड्या पोराला बी ठावं हाय. ह्यो तर बाईमानसावानी बसतो. मुक्ताबाई, सोयरीक झाली म्हनून काय मादी गळ्यात मारायची? उद्या ती व्याली की त्ये लटांबर मी सांभाळू?

आमचं कुळदैवत खंडोबा. कुत्रं म्हंजी देवाचं जनावर, त्याला दारातून हाकलायची माझी छाती न्हाई. पन चंपाषष्ठीला सगळी भावकी आमच्या घरात तळी उचलायला येती. तवर ह्ये सुधारलं तर ठीक. न्हाईतर माझ्या ल्योकाला, ओंकारला सांगून राहात्याला परत धाडते. मग म्हनू नका सांगितलं न्हाई.

भीमाबाई

(आई, आत्याबाई गुरांना पाणी दाखवायला उठल्यात म्हणून पटकन लिहिते. तो नरच आहे. पण उंबऱ्याचं खरं आहे गं, काय करू? त्याला परत पाठवलं तर मला इथं कोण आहे? ओंकार नगरला नोकरीला, रविवारचाच येतो. आल्या त्या, बंद करते.)


राहाता
३ नोव्हेंबर २०२५

विहीणबाई भीमाबाईंना मुक्ताबाईचा नमस्कार.

तुमचं पाकीट पोस्टमननं दिलं तेव्हा ह्यांना वाटलं कोर्टाची नोटीसच आली. वाचून दाखवलं तर मिशीत हसत बागेत निघून गेले. मला मात्र उत्तर द्यायलाच हवं, कारण माझ्या मालावर आळ आलाय.

आधी ते नर-मादीचं. भीमाबाई, एवढी गुरं पाळलीत तुम्ही, त्याला उताणा करून बघायचं सोडून मला कागद लिहिलात! अहो, लहानपणी नर पिल्लूही बसूनच करतं. तंगडी वर करायची अक्कल पुढं वयात आल्यावर येते, आणि एखाद्याला तर फार उशिरा येते. माणसाचं पोर काय मिशा घेऊन जन्माला येतं?

दुसरं, सारखं मुततो म्हणून रागावू नका. दोन महिन्यांचं लेकरू ते. खाल्लं की करणार, झोपून उठलं की करणार, खेळता खेळता भान सुटलं की करणार. कुणी लाड केले तरी आनंदानं थेंब सोडेल आणि कुणी खेकसलं तरी भीतीनं सोडेल. त्याला धरून ठेवता येत नाही, तसं अंगच अजून झालेलं नाही त्याचं. हे सगळं रीतीचं आहे. माझ्या कुत्रीनं आजवर जेवढी पिल्लं घातली तेवढी सगळी अशीच वाढली.

तेव्हा त्याचं खाणं झालं, झोप झाली, की लगेच उचलून बाहेर न्यायचं. रोज एकाच जागी. तिथं केलं की त्याच क्षणी शाबासकी, घरात आल्यावर नाही. आत केलं तर गप्प पुसून काढायचं. मारायचं नाही, ओरडायचं नाही, आणि त्याचं नाक त्यात घासायचं तर मुळीच नाही.

एक विचारते. तुम्ही उंबरा पुसता कशानं? घरात एवढ्या जागा असताना तो त्या दोनच जागी का जातो, हे काही माझ्या डोक्यात शिरत नाही.

सुकन्या, हे पत्र जसंच्या तसं वाचून दाखव. मध्ये गाळू नको. मी तुझी आई आहे, तुझ्या खोड्या मला ठाऊक आहेत.

तुमची, मुक्ताबाई


मळ्यातली वस्ती
८ नोव्हेंबर २०२५

मुक्ताबाईस रामराम.

उताना करून बघितला. नर हाय. माफी मी मागत न्हाई, पन नर हाय.

बाकीचं तुमचं एक बी चाललं न्हाई. सुकन्या त्याला खाल्ल्यावर बाहेर न्हेती, झोपंतनं उठला की न्हेती. ह्यो बाहेर जाऊन फुलपाखरामागं पळतो, शेन खातो, व्हय, शेन!, आन आत आला की सरळ उंबऱ्यावर. बाहेर फिरायला आन आत मुतायला, आसं हाय त्याचं.

नाक घासू नका म्हनता. पन तुमचा कागद यायच्या आदी माझा धाकटा दीर मच्छिंद्र आला हुता. त्यानं मानगूट धरून चांगलं घासलं. म्हनला, वहिनी, आता बघा जल्मात करनार न्हाई. केलं की! फकस्त मच्छिंद्र दिसला की कापसाच्या ढिगामागं जाऊन केलं. एवढा येचून आनलेला पांढराशिपट कापूस, त्याला कडंनं पिवळी झालर लागली. मी कपाळाला हात लावला.

आन पुसता कशानं, ह्ये इचारता? मुक्ताबाई, मला काय घर राखाया येत न्हाई व्हय? गोमूत्रानं! आमच्या कपिलीचं ताजं गोमूत्र. रोज सकाळी उंबऱ्याला आन देवघराच्या चौकटीला शिंपडते, माझं लगीन झाल्यापासून चुकलं न्हाई. आता ह्यानं इटाळलं की परत शिंपडते. चांगलं सडसडीत. त्येच्यात हयगय न्हाई. मी शुद्ध करायची आन ह्यानं लगेच येऊन घान करायची, दिसभर ह्योच धंदा चाललाय. चंपाषष्ठी तोंडावर आली. आता तुमीच सांगा, मी काय चुकते?

भीमाबाई

(आई, त्या मला रागावत नाहीत, पण बोलतही नाहीत. नुसतं गोमूत्राचं भांडं आपटतात. मी "हो आत्याबाई, नाही आत्याबाई" म्हणून बाजूला होते. दिवसभर मी आणि पेरूच. त्याला परत पाठवायची भाषा निघाली की मी त्याला घेऊन गोठ्यामागं जाऊन बसते.)


राहाता
११ नोव्हेंबर २०२५

भीमाबाई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी एवढी हसले की पेरू तोडणाऱ्या बाया काम टाकून बघायला आल्या, मालकिणीला काय झालं म्हणून. हसले त्याचा राग मानू नका. आमच्याकडेही असंच झालं असतं.

अहो, कुत्रं डोळ्यानं बघत नाही, नाकानं बघतं. जिथं मुताचा वास येतो ती आपली करायची जागा, एवढंच त्याला आईच्या पोटातून ठाऊक. गोमूत्र तुम्हाला पवित्र, मला पवित्र. पण नाव काढून टाकलं तर शेवटी ते आहे काय? त्या बिचाऱ्याला वाटतं, वा! घरातल्या कुणा वडीलधाऱ्यानं रोज सकाळी उठून माझ्यासाठी जागा आखून ठेवलीय. मग तो आज्ञाधारकपणे तिथं जाऊन बसतो. तुम्ही पुन्हा शिंपडता, तो पुन्हा बसतो. तुम्ही म्हणता खुन्नस, तो म्हणतो सासूबाईंची शिस्त! भीमाबाई, आख्ख्या घरात तुमचं एवढं ऐकणारं दुसरं कुणी नसेल.

तेव्हा उंबरा आणि चौकट साबणाच्या कोमट पाण्यानं खसखसून धुवा, ऊन लागू द्या. पिल्लू मोठं होईतो उंबऱ्याला हळदी-कुंकू लावा, रांगोळी काढा, पण गोमूत्र तेवढं नको. तुमच्या देवघरात मी लुडबूड करते असं वाटलं तर दोन शिव्या द्या, पण करून बघा.

शेण खाणंही पिल्लांचं रीतीचंच आहे, मोठं झालं की सुटतं. गुरांच्या डॉक्टरांकडून जंताचं औषध आणि लस तेवढी घ्या. आणि मच्छिंद्रभाऊंना सांगा, नाक घासलं की पिल्लू "इथं करू नये" असं शिकत नाही. "माणसासमोर करू नये" असं शिकतं. मग ते कापसाच्या मागं जाणारच.

तुमची, मुक्ताबाई


मळ्यातली वस्ती
१६ नोव्हेंबर २०२५, रविवार

मुक्ताबाईस रामराम.

आज कागद ओंकार लिवतोय. सुकन्याला मी मुद्दाम छबूबाईसंगं दळनाला धाडलंय.

आदी चांगलं सांगते. उंबरा धुतला, चौकट धुतली. पन भांड्यात गोमूत्र शिल्लक हुतं, त्ये वाया कशाला घालवायचं? मनात आलं, आखून दिलेल्या जागंवरच बसतो न्हवं ह्यो, तर मग आपुनच जागा बदलू. गोठ्याच्या मागं बांधाच्या कडंला जाऊन सडा मारला. पेरू आला, हुंगला, गोल गोल गिरक्या घेतल्या आन बसला! मुक्ताबाई, मी टाळ्या वाजवल्या. छबूबाई तिकडून बघत हुती, तिला वाटलं भीमाबाईला लागलं येड. तवापासून उंबरा कोरडा हाय. तुमची हुशारी मान्य केली म्हना.

आता खरं सांगते. त्याच्यासाठी ह्यो कागद.

मला त्या कुत्र्याचा राग हाय त्यो मुतन्याचा न्हाई. सुकन्या त्याच्याशी बोलती. लई बोलती. माझ्याशी "व्हय आत्याबाई, न्हाई आत्याबाई", की संपलं. आन त्याला मांडीवर घेऊन गोठ्यामागं बसली की तोंडाला खळ न्हाई. मी आडोशाला उभी ऱ्हाऊन ऐकलं. ऐकू नये, पन ऐकलं. त्याला सांगत हुती, इथली भाकरी लई जाड लागती रे. आई आता काय करत आसंल रे. आत्याबाईंना मी आवडत न्हाई वाटतं रे.

मुक्ताबाई, मला लेक न्हाई. सून यायची म्हनल्यावर मी मनात म्हनलं, आता घरात कुनीतरी बोलनार. ती बोलती, पन कुत्र्याशी. मला आवडत न्हाई आसं हिला कुनी सांगितलं? मला बोलाया येत न्हाई एवढंच. माझी सासू माझ्याशी बोललीच न्हाई कदी, मग मला कोन शिकवनार? म्हनून मी भांडी आपटते. तिला वाटतं मी रागात हाय.

लिव ओंकार, थांबू नको. आन नाक वढू नको, कागद भिजंल.

तर इचारते. पिल्लानं कुठं बसायचं ह्ये तुमी मला शिकवलंत. सुनेजवळ कसं बसायचं त्ये बी शिकवा. उत्तर ओंकारच्या नगरच्या खोलीवर धाडा. तिला ह्यातलं कळाय नको.

भीमाबाई

(आईंना नमस्कार. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. सुट्टी झाली की बुधवारीही घरी येत जाईन. ओंकार.)


राहाता
१९ नोव्हेंबर २०२५

भीमाबाई,

ओंकार हे वाचून दाखवेल. तुमचं पत्र घेऊन मी कितीतरी वेळ बागेत बसून होते. लेक माझी, आणि तिच्यासाठी जीव तुमचा तुटतोय. मला वाटत होतं तिला तिथं कुणी नाही, म्हणून तर मी ते पिल्लू दिलं. तिला बोलायला माहेरचं काहीतरी असावं म्हणून. ते तुमच्या मध्येच येऊन बसेल हे माझ्या मनातही नव्हतं.

ती पेरूशी का बोलते सांगू? तो सल्ला देत नाही. भाकरी जाड म्हणाली तर "आमच्यात अशीच असते" म्हणत नाही. नुसता ऐकतो आणि हात चाटतो.

तेव्हा तुम्ही असं करा. तिच्याशी बोलायला जाऊच नका. तुम्हीही पेरूशीच बोला. ती जवळ असताना. जे तिला विचारायचं ते त्याला विचारा, जे सांगायचं ते त्याला सांगा. नजर त्याच्यावर ठेवा, तिच्याकडे बघू नका. हसू नका, करून बघा. गोमूत्राचं तरी पहिल्यांदा कुठं पटलं होतं?

मुक्ताबाई


मळ्यातली वस्ती
२८ नोव्हेंबर २०२५

प्रिय आई,

आज माझं मीच लिहितेय. आत्याबाई शेजारी बसल्यात, पण म्हणाल्या, "मी ऐकत न्हाई, लिव तुला काय लिवायचं ते." आणि कान इकडंच.

आई, काय सांगू! सोमवारी आम्ही अंगणात कापसातला काडीकचरा काढत होतो. आत्याबाई एकदम पेरूला म्हणाल्या, "काय रं पेरू, तुझ्या मालकिनीला भाकरी जाड लागती म्हनं? किती पातळ पायजे तिला?" माझ्या हातातला कापूस तसाच राहिला. लाजेनं मेल्यासारखं झालं. मग मीही पेरूलाच म्हटलं, "त्यांना सांग, आमच्या राहात्याला पापडासारखी थापतात." त्या म्हणाल्या, "मग पेरू, तिला म्हनावं, उद्या तूच थाप, मी खाते." मग मी पेरूला विचारलं, त्यांना माझा राग येतो का. त्या लगेच म्हणाल्या, "पेरू, तिला सांग, मला राग आला की मी भांडी आपटत न्हाई, जेवन सोडते. भांडी मी नुसती सवयीनं आपटते. राग न्हाई आला. कदीच न्हाई आला." असं करत करत पेरू मध्येच झोपून गेला आणि आम्ही बोलतच राहिलो. कापूस तसाच पडला. आई, त्यांना गाणी किती येतात माहितीय? आणि नकला! छबूबाईंची नक्कल केली तेव्हा मी जमिनीवर लोळायची बाकी होते.

आता चंपाषष्ठीचं ऐक. परवा सगळी भावकी आली. वांग्याचं भरीत, रोडगे, सगळं झालं. तळी उचलायला माणसं घोंगडीवर गोल बसली आणि एकदम "येळकोट येळकोट जय मल्हार" असा गजर झाला. एवढा आवाज पेरूनं जन्मात ऐकला नव्हता. भंडारा उधळला तसा तो घाबरून पळत सुटला आणि भर घोंगडीवर, मच्छिंद्रकाकांच्या मांडीला लागून, त्यानं केलं.

काका पुसत उठले आणि म्हणाले, "वहिनी, चंपाषष्ठीपतूर म्हनला हुता ना तुमी? झाली चंपाषष्ठी. धाडा ह्याला." मी पेरूला उचललं आणि नुसती उभी राहिले.

तर आत्याबाई पुढं आल्या. म्हणाल्या, "लहान हाय त्ये. लहान लेकरू घाबरलं की करतं, ह्ये रीतीचंच हाय. मच्छिंद्र, मी लगीन होऊन आले तवा तू ढोल वाजला की चड्डीत करायचास. मीच धुतल्यात तुझ्या चड्ड्या. तुझं नाक घासलं हुतं का रं मी?" आई, सगळी भावकी खो खो हसली. काकाच सगळ्यांत जास्त हसले, डोळे पुसत खाली बसले.

मग आत्याबाईंनी देवाच्या नैवेद्यातलं पहिलं भरीत-भाकरी माझ्या हातात दिलं, पेरूला भरवायला. आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ही पोर आन ह्ये पिल्लू, दोगं बी माझ्या घरची हायत. दोगांना रुळायला जेवढा येळ लागंल तेवढा लागंल. मुदत मी लावली हुती, मीच काढली. कुनी इचारायचं न्हाई." मी त्यांच्या गळ्यात पडून रडले गं. त्यांना गळ्यात पडलेलं माणूस कसं धरतात ते येत नाही. पाठीवर नुसतं थापत राहिल्या, भाकरी थापावी तसं.

आई, एक सांगायचं आहे. संक्रांतीला महिनाभर येते म्हणाले होते ना? आता चारच दिवस येईन म्हणते. मी गेले की ह्या एकट्या पडतात. आणि खरं सांगू, मला इथं करमायला लागलंय. रागावणार नाहीस ना?

तुझी, सुकन्या


राहाता
२ डिसेंबर २०२५

सुकन्या बाळ,

रागावू कशाला? तुला करमायला लागलं हे वाचलं आणि मी देवापुढं साखर ठेवली. ह्यांना सांगितलं, बागेतल्या बायांना सांगितलं, दूधवाल्यालाही सांगितलं. त्याला बिचाऱ्याला काय त्याचं, पण सांगितलं.

पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू? आनंद झाला, आणि मग चुलीपुढं बसून रडलेही. महिन्याचे चार दिवस झाले गं. तू लग्न होऊन गेलीस तेव्हाही मला वाटत होतं, गेली तरी माझीच आहे, तिकडं रमली नाही तर मनानं इथंच राहील. आई असं वाईट चिंतते का? चिंतते, थोडंसं. आता तू खरी गेलीस. व्हायला हवं होतं तेच झालं.

चार तर चार. पण ये. गुळाच्या पोळ्या करून ठेवते.

तुझी आई


मळ्यातली वस्ती
६ डिसेंबर २०२५

मुक्ताबाईस रामराम.

सुकन्यानं तुमचा कागद वाचून दाखवला. तुमी चुलीपुढं बसला त्या वळीपाशी आली. मग पुढचं तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठिवून वाचलं. लिवती बी तशीच हाय, म्हनून अक्षर वाकडं आलंय, संभाळून घ्या.

तुमी रडला त्ये मला सोसलं न्हाई. तुमी म्हनता, आता लेक खरी गेली. कुठं गेली? मुक्ताबाई, आपुन शेतकऱ्याच्या बाया. आपल्याला एक बांध कळतो. बांध हिकडं सरकला की तिकडची जमीन कमी हुती, मग भांडन, मग मोजनी. पन लेकीचं तसं न्हाई. ती माझी झाली म्हनून तुमच्याकडं तसूभर बी कमी हुत न्हाई. माझ्याकडं नुसतं वाढलंय.

तर संक्रांतीला चार दिवस न्हाई, आठ दिवस. आन एकटी न्हाई, मी बी संगं येते. गुरं आन पेरू ओंकार बघंल, रजा काढाया सांगितलीय. मला तुमच्याशी लई बोलायचंय. बाजरीचं पीठ मी आनते. भाकरी सुकन्या थापंल, पातळ.

भीमाबाई